दोन खुर्च्या आणि उरलेला ऑइलपेंट

आमच्या प्राचीचं लग्न चॉकलेटी ऑइलपेंटमुळे जमलं.

मोहने गावातल्या कारखान्याचं जुनं ऑफिस मोडलं, तेव्हा तिथे नोकरीला असलेल्या माझ्या बाबांनी दोन सागवानी खुर्च्या डोंबिवलीला आणल्या. तिरके पाय, वेताची बैठक. "आर्किटेक्टने खास आखलेल्या आहेत, जपा," असं ते शेवटपर्यंत सांगत राहिले. आम्ही जपल्या! गॅलरीत, ओल्या टॉवेलांखाली.

प्राचीने स्वतःच पसंत केलेल्या मुलाचे आईवडील ठाण्याहून पहिल्यांदाच येणार होते. मुलाची आई स्वतः आर्किटेक्ट. "बाबा, काकूंना घर बघून माणसं कळतात," प्राची रडवेली होऊन म्हणाली. "प्लीज, तुम्ही काही करू नका!"

मी केलं. खिडकीच्या ग्रिलला लावून उरलेला ऑइलपेंट आदल्या संध्याकाळी खुर्च्यांना फासला. वेतासकट!

"सुकलाय ना हो?" सुलभाने, म्हणजे माझ्या बायकोने विचारलं.

"अगं, बोट लावून बघितलंय!" (पायाला. मागच्या.)

काकू आल्या आणि मोतिया रंगाच्या साडीत थेट खुर्चीवर बसल्या. पोहे झाले, चहा झाला, हसणं-बोलणं झालं. मग त्या उठल्या. खुर्चीही उठली!

काकूंच्या यजमानांनी खुर्ची एकीकडून ओढली, मी दुसरीकडून. "अहो, साडी फाटेल!" सुलभा ओरडली. प्राचीने डोळेच मिटून घेतले. शेवटी काकू खुर्चीसकट आतल्या खोलीत गेल्या आणि सुलभाच्या फुलाफुलांच्या मॅक्सीत बाहेर आल्या. हातात उलटी खुर्ची.

"हे कुणी केलं?"

"साडी मी नवीन..."

"साडी जाऊ दे हो! खालचा हा साग बघा. कॉलेजात आम्ही असल्या खुर्च्यांची चित्रं काढायचो, आणि तुम्ही हिला ग्रिलचा रंग दिलात?"

"बाबा म्हणायचे खरे, आर्किटेक्टने..." मी पुटपुटलो.

"मग ऐकायचं ना त्यांचं! सुलभाताई, उलथणं आणा. प्राची, तो पाय धर घट्ट."

दुपारपर्यंत दोन्ही घरं फरशीवर बसून रंग खरवडत होती. जेवायला पिठलं-भात झाला, काकूंनी दोनदा घेतला. निघताना म्हणाल्या, "प्राची आता आमचीच. पण या खुर्च्यांना आजच नेते, तुमच्याकडे त्यांचं काही खरं नाही. नीट करून एक परत पाठवीन."

पाठवलीसुद्धा, नव्या वेतासकट. तिच्यावर बसलो की बाबांची आठवण येते. त्यांनी त्या खुर्च्या आणल्या नसत्या, तर माझी लाज कोण राखणार होतं? आणि असली विहीण मिळायला खरंच भाग्य लागतं.

दुसरी खुर्ची ठाण्याला आहे. तिथे गेलो की विहीणबाई आधी माझे दोन्ही हात उलटसुलट करून बघतात, मग म्हणतात, "हं, बसा."