फ्रिजमागचा वास

दवाखान्याच्या कँटीनमध्ये तिला सगळे नाकताई म्हणत. चेष्टेने पडलेलं नाव पुढे मानाने चिकटलं. दारातूनच ती सांगायची, "त्या मोठ्या पातेल्यात मीठ पडलेलं नाही" किंवा "दूध आज नासणार, आधी तेच वापरा." मीठ न घातल्याचा वास कसा येतो, हे कुणाला कळत नसे, पण चाखून बघावं तर ती बरोबर निघे. आचाऱ्यांमध्ये तिचं नाक हा शेवटचा निकाल होता. नवरा गेल्यावर त्याच नाकाच्या जोरावर तिने मुलाला वाढवलं होतं, आणि नाकासमोर चालत इथवर आली होती.

त्या वर्षी थंडीत तिला ताप आला. ताप उतरला, खोकला गेला, अंगात ताकद आली, पण वास काही परतला नाही. पहिल्यांदा लक्षात आलं ते कांदा परतताना. ती शेजारीच ओटा पुसत होती. वळून बघते तर कढईत कोळसा! एवढ्या जवळ उभं राहून तिला काहीच कळलं नव्हतं. सर्दी असेल, जाईल, असं तिने स्वतःला बजावलं. सर्दी गेली, वास आला नाही.

तिने कुणाला सांगितलं नाही. कुणाला आणि काय सांगणार? गवयाने आवाज गेला म्हणून सांगण्यासारखंच होतं ते. कँटीनमध्ये ती आता रंगावर आणि आवाजावर स्वयंपाक करू लागली. फोडणी तडतडायची थांबली की हात चालवायचा, सूपला उकळी फुटली की आच कमी करायची. मधूनच शेजारच्या बाईला ती म्हणे, "तू सांग बघू, यात काय कमी आहे? शिकायला नको का?" ती बिचारी खूश होऊन सांगायची. नाकताईंचं निभावून जायचं.

घरात तीन माणसं. ती, सून आणि चार वर्षांची नात, जिला सगळे चिमी म्हणत. मुलगा लांब पल्ल्याचा ट्रक चालवायचा, त्यामुळे महिन्यातले बरेच दिवस बाहेर. सून शिवणाच्या कारखान्यात जायची. सासू-सुनेचं वाईट नव्हतं, पण फार जवळचंही नव्हतं. दोघी एकमेकींशी जपून बोलायच्या.

स्वयंपाकघरात फ्रिजच्या मागे एकच सॉकेट. त्याला मल्टिप्लग, मल्टिप्लगला फ्रिज, पाण्याची किटली आणि मिक्सर. सॉकेट जुनं झालेलं. प्लग नीट बसायचा नाही, खाली लोंबायचा. मग कधीतरी पुठ्ठ्याची घडी त्याच्याखाली खोचली गेली आणि ती तिथेच राहिली. किटलीचा प्लग काढताना निळी ठिणगी उडायची, चट् असा आवाज यायचा. पहिल्यांदा सगळे दचकले. मग सवय झाली. ठिणगीचीही माणसाला सवय होते.

एका संध्याकाळी कामावरून आल्या आल्या सून म्हणाली, "आई, मासळी आणलीत का? घरात वास येतोय."

घरात मासळी नव्हती. नाकताईंना तर काहीच जाणवत नव्हतं. पण "मला वास येत नाही" हे शब्द तोंडातून निघेनात.

"खालच्यांकडून येतोय," ती म्हणाली. "दुपारपासून चाललंय त्यांचं तळण."

"असं होय," सून म्हणाली. "तुम्ही म्हणता म्हणजे खालचाच." आणि तिने खिडकी लावून घेतली.

दोन-तीन दिवसांनी सुनेने पुन्हा विचारलं. नाकताईंनी पुन्हा खालच्यांवर ढकललं. एक थाप मारली की दुसरी मारावीच लागते. त्या रात्री तिला नीट झोप लागली नाही, पण तिला भीती वाटत होती ती पकडलं जाण्याची. आगीचा विचारही मनात नव्हता.

रविवारी सकाळी सून कपडे वाळत घालायला गच्चीवर गेली. नाकताईंनी चहासाठी किटली लावली. चिमी जमिनीवर बसून डब्यांची झाकणं लावत होती. अचानक तिने नाक दाबलं.

"शी! आजी, घाण वास!"

"काही नाही गं, तुझ्या मोज्यांचा असेल," आजी म्हणाली आणि हसली.

तेवढ्यात फ्रिजची घरघर अडखळली. मागून चरचर ऐकू आली, गरम तव्यावर पाण्याचे थेंब पडावेत तशी. नाकताईंनी वाकून बघितलं. भिंतीवर सॉकेटभोवती तपकिरी डाग पसरला होता, आणि प्लगच्या फटीतून ठिणग्या उडत होत्या. बघता बघता पुठ्ठ्याच्या घडीने पेट घेतला.

तिच्या हातात पाण्याचा तांब्या होता. हात आपोआप मागे गेला, फेकायला. आणि तिथेच थांबला. कँटीनच्या भिंतीवरची पाटी ती वर्षानुवर्षं बघत आली होती: विजेच्या आगीवर पाणी नको. तांब्या तिने ओट्यावर ठेवला, चिमीला काखोटीला मारलं आणि बाहेर धावली. मेन स्विच दाराशीच होता. तो खाली पाडला. घर गप्प झालं.

"इथेच उभी राहा. हलायचं नाही!" तिने चिमीला जिन्यात उभं केलं. जिन्याच्या वळणावर आग विझवायचं लाल सिलिंडर टांगलेलं होतं. कँटीनमध्ये दरवर्षी सराव व्हायचा, तेव्हा बायका फिदीफिदी हसायच्या. आज तिने पिन उपसली, दारातूनच नळी रोखली आणि दांडा दाबला. पांढऱ्या पावडरीचा लोट उठला. फ्रिज, ओटा, झाकणं, सगळं पांढरं झालं. आग विझली होती. मागची भिंत काळी पडली होती आणि मल्टिप्लग मेणासारखा वितळून ओघळला होता.

सून धापा टाकत खाली आली. चिमीला छातीशी धरून ती दारात उभी राहिली. तिचे डोळे धुराने झोंबत होते.

"आई, केवढा हा वास! जिन्यापर्यंत आलाय. तुम्हाला कसा नाही आला?"

नाकताई खाली बसली. हातातलं सिलिंडर अजून सुटत नव्हतं.

"मला येत नाही गं वास," ती म्हणाली. "तापापासून. काहीच येत नाही."

"म्हणजे मासळीचं..."

"खोटं बोलले मी."

सुनेचा चेहरा आधी लाल झाला. "मी दोनदा विचारलं तुम्हाला! घरात पोर आहे, आई!"

"विचारलंस गं. दोनदा विचारलंस." नाकताईंनी सिलिंडर खाली ठेवलं. "पण सगळे मला नाकताई म्हणतात. नाकच गेलं तर मी कोण?"

मग सून तिच्या शेजारी, त्या पांढऱ्या फरशीवरच बसली. "तो पुठ्ठा मीच खोचला होता," ती हळूच म्हणाली. "वायरमनला बोलवायचं रोज ठरवायचे, रोज राहून जायचं."

वायरमन दुपारी आला. त्याने सॉकेट उघडून आतली वायर दाखवली. स्क्रू ढिला, पितळेची पकड पसरलेली, कडा जळून काळ्या. "पकड ढिली पडली की आत ठिणग्या उडतात," तो म्हणाला. "त्याने सॉकेट तापतं, आणि तापलेल्या प्लास्टिकचा कधीकधी मासळीसारखा वास येतो. पुष्कळ लोक फसतात, ओटा धुवत बसतात. प्लग ढिला, प्लग गरम, चरचर, नाहीतर असा वास, यातलं काही आढळलं की मेन बंद करा आणि आम्हाला बोलवा. आणि फ्रिज आणि किटली एका मल्टिप्लगवर? बैलगाडीला रेल्वेचे डबे जोडल्यासारखं झालं ते." त्याने किटलीला वेगळं सॉकेट दिलं आणि मल्टिप्लगला घरात बंदी घातली. धूर झाला की ओरडणारं एक यंत्र सुनेने दुसऱ्याच दिवशी आणून छताला लावलं.

कँटीनमध्ये सांगायचं सगळ्यात अवघड होतं. मुख्य आचारी तापट माणूस, त्याच्या नाकावर राग. त्याने सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "इतके दिवस वास येत नसताना सूप कोण करत होतं?"

"मीच."

"एकाही रुग्णाने नावं ठेवली नाहीत. मग उद्यापासूनही तूच कर. पण सकाळी गॅस तपासायला तू जायचं नाहीस, दुसरी कुणीतरी जाईल. आणि आत्ताच्या आत्ता वर जाऊन डॉक्टरला नाक दाखव. दवाखान्यात काम करतेस आणि आजार लपवतेस? कमाल आहे बाई तुझी!"

डॉक्टरीण म्हणाली, वास परत येईल किंवा येणारही नाही, पण नाकाला व्यायाम द्यायचा. लिंबू, लवंग, कॉफी, साबण. रोज हुंगायचं आणि आठवायचं.

हे काम सुनेने अंगावर घेतलं. सकाळी कारखान्यात जायच्या आधी ती सासूला डोळे मिटायला लावायची आणि एकेक वस्तू नाकापुढे धरायची. चिमीही मध्येच स्वतःची चप्पल धरायची. आठवडे गेले. नाकताई "काही नाही" म्हणायची, सून "उद्या बघू" म्हणायची. जपून बोलणं कधी सुटलं, दोघींनाही कळलं नाही.

एका सकाळी सुनेने कॉफी धरली आणि नाकताईंनी तोंड वाकडं केलं.

"अगं, हे काय धरलंस? जळका टायर?"

"कॉफी आहे, आई!"

"कॉफी? मेलं रबर जाळल्यासारखं वाटतंय!" तिने डबा हिसकून घेतला, पुन्हा हुंगला, पुन्हा तोंड वाकडं केलं, आणि मग डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसत सुटली. "येतोय गं! केवढा घाण वास येतोय!"