थंड पाण्यातली चिमूट

काचेच्या ग्लासात थंड पाणी घेतलं आणि त्यात चिमूटभर चहापूड सोडली. पूड समोर बसलेल्या दामूशेठच्या पोत्यातली. दोन वर्षांपूर्वी याच माणसाने मला रंग लावलेला माल दिला होता, आणि एका बाईंनी भर दुकानात पुडी माझ्यासमोर आपटली होती. हातगाडीपासून उभं केलेलं दुकान. पुन्हा तसं झालं तर गिऱ्हाईक पायरी चढणार नाही. दुसरीकडे भाव परवडेना म्हणून शेठना बोलावलं खरं, पण ते आल्याबरोबर मी ओरडलोच.

“अहो, आधी पाणी बघा, मग शिव्या घाला,” शेठ म्हणाले.

दाणे हळूहळू तळाशी गेले. पाणी जवळजवळ नितळच राहिलं. रंगवलेली पूड थंड पाण्यातही लगेच लाल रंग सोडते. चांगली पूड उकळीची वाट बघते. मला तेवढा धीर कधीच नव्हता.

मग आधण ठेवलं. तांबूस रंग उतरला, वास दुकानभर झाला, पहिल्या घोटाला जिभेवर हलका तुरटपणा राहिला. किती दिवसांनी मी खुर्चीला पाठ टेकून बसलो.

“झालं समाधान?” शेठनी विचारलं.

“चहाबद्दल झालं. तुमच्याबद्दल अजून नाही. दुसरं पोतं उघडा.”