सवतीची लुगडी

लग्न होऊन सौंदडला आले तेव्हा मंगळसूत्राबरोबर माझ्या गळ्यात एक चांदीचा टाक पडला. दुसरेपणावर दिलेल्या बाईला मेलेल्या पहिलीचा टाक घालावाच लागे. म्हणजे माझी सवत दिवसभर माझ्या छातीवर लोंबायची, आणि ती दिसायला कशी होती एवढंसुद्धा मला कोणी सांगेना! टाकावरचे नाक-डोळे नावालाच. सासूला विचारलं तर म्हणे, "मेल्या माणसाचं नाव काढलं का ते उंबऱ्यात येऊन उभं राहते." यांना विचारलं की यांना नेमकं बैलांना पाणी दाखवायचं आठवायचं. आता माझा स्वभाव पडला चौकस. कोणी काही लपवलं की माझ्या पोटात दुखायला लागतं.

तिच्यामागे तिची पोरगी होती, चार-पाच वर्षांची. मला 'नवी' म्हणायची. "नवी, पाणी दे." पाणी घेतलं की लांब. निजायची सासूपाशी, आणि मी हाक मारली की खांबामागे जायची. बळजबरीनं माया लागत नाही, हे काय मला कळत नव्हतं? पण वाईट वाटायचंच.

धान कोठीत पडलं आणि चिचगडहून निरोप आला. पोरीची आजी, म्हणजे माझ्या सवतीची आई, येणार होती. लेकीची लुगडी पेटीत पडून आहेत, त्यांची नातीसाठी गोधडी शिवीन आणि गोधडी झाली की नातीला माझ्याकडे घेऊन जाईन, असं कळवलं होतं. सासू लगेच कबूल झाली. "बरंच झालं. उद्या तुले तुही लेकरं होतीनच," म्हणाली. मला काय वाटतं हे कोणी विचारलं नाही. विचारलं असतं तरी तेव्हा मला सांगता आलं नसतं.

बुढी बंडीतून उतरली ती थेट पेटीपाशी. स्वतः रडली नाही आणि कोणाला रडूही दिलं नाही. घरापुढच्या सपरीत लुगडी पसरली आणि सुई-दोरा माझ्यापुढे केला. "ओवून दे. तुहे डोळे नवे आहेत." झालं! मी तिथंच बसकण मारली.

पहिल्याच लुगड्याला माझी जीभ सुटली. "आजी, हे उजव्या कमरेवरच काऊन झिजलं? घागर त आपण डावीकडे घेतो."

बुढीची सुई थांबली. "डेबरी होती ते. सारं डाव्या हातानं करे, मंग घागर उजवीकडे."

अगं बाई! पोरगीही डाव्या हातानं घास घ्यायची आणि सासू तिच्या हातावर चापट मारायची. ते कोणाकडून आलं हे मला त्या दिवशी कळलं. संध्याकाळी सासूचा हात उठला तसा मी तो वरच्या वर धरला. सासू दोन दिवस माझ्याशी बोलली नाही. नाही तर नाही.

मग माझा धीर वाढला. पदराला हे तपकिरी डाग कसले? मोहाचे. टोपली भरली की उरलेली फुलं पदरात घ्यायची तिला खोड. आणि या हिरव्या लुगड्याला ही बारीक-बारीक भोकं? मी म्हटलं, चुलीपाशी वेंधळी असेल. बुढी पहिल्यांदा हसली. म्हणाली, चिचगडच्या रानात वाढलेली पोर, लग्न होईपर्यंत आगगाडी पाहिली नव्हती. इथं शिटी वाजली की हातातलं टाकून रुळाकडे धावायची. इंजिनाच्या ठिणग्यांनी लुगडं जळलं, तर ती भोकं आईला कौतुकानं दाखवत होती! मला हसू फुटलं. बाईला आपली सवत आवडावी हे जगाच्या उलटं, पण मला ती तिथंच आवडली.

"किती इचारतं वो तू?" बुढी एकदा म्हणाली. "तोंड नाही दुखत?"

"नाही."

"मंग इचार."

पोरगी आधी खांबामागून ऐकायची, मग खांबाच्या अलीकडून, आणि एक दिवस लुगड्यांवरच येऊन बसली. ठिणगीच्या भोकात बोट घालून म्हणाली, "हे कापू नको, नवी." आम्ही त्या भोकांखाली पिवळं फडकं लावलं आणि भोकं तशीच ठेवली.

माप घ्यायच्या दिवशी बुढीनं मला आडवी हो म्हटलं. पोरीला माझ्या शेजारी निजवलं. "माहे गुडघे वाकत नाही. आपण दोघी मापानं सारख्याच," म्हणाली. मी समजून गेले, चिचगडला आजी-नात एका गोधडीत निजणार. पोरीचा श्वास माझ्या दंडाला लागत होता. त्या क्षणी मला कळलं की मला ही पोरगी हवी आहे. सरळ सांगते, हवी होती! पण आजीच्या रक्ताची ती, मी कोण?

मग मी टाके इतके बारीक घालायला लागले की काम पुढं सरकेना. "मुंगीचे पाय शिवून राहिली का?" बुढी खेकसली. पण शिवण शेवटी संपतंच. बंडी जुंपली, मी पोरीचे कपडे गाठोड्यात बांधले आणि डोळे पुसून बाहेर आले.

"हे कायले?" बुढीनं विचारलं.

"पोरीचे कपडे. आणि गोधडी आत राहिली, आणते."

"राहू दे. तिथंच राहाची आहे ते. दोघींच्या मापाची शिवली."

"माप त तुमचं..."

"माहं? मी तुह्यापेक्षा हातभर बुटकी. दिसत नाही का तुले?" ती बंडीत चढली. खाली न पाहताच बोलली, "पोरीले न्यायलेच आली होती मी. पण या घरात माह्या लेकीचं कोणी नाव काढत नाही, एक तू इचारून राहिली. उद्या पोरीनं इचारलं, माय कशी होती, त सांगाले कोणी पाहिजे का नाही?"

मला हुंदका आवरेना. बंडी हलली. तरी मेली सवय जाते कुठं! मी पोरीला कडेवर घेऊन बंडीमागे धावले. "आजी, तिला गाणं येत होतं का?"

"दिवाळीले ये," बुढी ओरडली, "मंग सांगतो! पोरीले घेऊन ये!"

दिवाळीला मी पोरीला तेल लावलं, न्हाऊ घातलं, गाठोडं बांधलं. यांनी विचारलं, "कुठं निघाली?"

मी म्हटलं, "माहेरी. चिचगडला."