निपाणीची लाईन आणि वडगावचं घर

सत्तरचं दशक संपत आलं होतं. मी बेळगावच्या टेलिफोन एक्स्चेंजमध्ये ऑपरेटर होते. तिशी ओलांडली होती, लग्न झालं नव्हतं, आणि आता ते होईल असं आमच्या बेळगुंदी गावात कुणाला वाटतही नव्हतं. शहरातच अनगोळात एका खोलीत भाड्यानं राहायचे. घरमालकीण तशी वाईट नव्हती. पण दुपारची पाळी करून मी परतले की ती दारात उभी असायची. "आज उशीर झाला गं," एवढंच म्हणायची. त्याआधीच्या खोलीतून तर मला बाहेरच काढलं होतं. कारण काय, तर एका रविवारी कुणी पुरुषमाणूस येऊन दोन तास बसून गेला. तो माझा सख्खा भाऊ होता.

त्याच भावाला मी सांगितलं, मला स्वतःचं घर घ्यायचंय. तो हसला नाही, पण त्याला ते पटलंही नाही. "एकट्या बाईला घर कशाला लागतंय गं? हितं घर हाय की आपलं." त्या घरात माझी एक पत्र्याची ट्रंक होती आणि ती माळ्यावर होती.

"अण्णा, मी बघतो माझं," म्हणाले. आमच्याकडं बायकाही 'मी जातो, मी येतो' असंच बोलतात. त्यानंतर त्याला काही विचारलं नाही.

बेळगावच्याच वडगाव भागात एका विणकराचं दोन खोल्यांचं घर विकायचं आहे, हे कळलं तेव्हा मी पाळी सुटल्यावर सरळ तिकडं गेले. कौलारू, बुटकं घर. पुढच्या खोलीत हातमाग आणि मागाखाली पाय सोडून बसायचा खड्डा. मागच्या खोलीत चूल. परसात मोरी आणि शेवग्याचं झाड. विणकर पन्नाशीचा होता, खोकून खोकून वाकलेला. गल्लीत यंत्रमाग आले होते, त्यांच्या खडखडाटात याचा एकट्याचा माग ऐकूसुद्धा यायचा नाही. धाकटा भाऊ निपाणीत तंबाखूच्या वखारीत होता, त्याच्याकडं नवरा-बायकोनं जायचं ठरवलं होतं. मूलबाळ नव्हतं. मी त्यांना मामा, मामी म्हणू लागले.

मामांनी सांगितलेली किंमत मला जेमतेम झेपणार होती. ऑफिसच्या सोसायटीचं कर्ज मंजूर झालं, आईच्या पाटल्या मोडल्या आणि ईसाराची आगाऊ रक्कम दिली. पावती वहीच्या कागदावर होती, खाली मामांची सही. पुढच्या सोमवारी नोंदणी कचेरीत जाऊन खरेदीखत करायचं ठरलं.

त्याच्या आधीच्या मंगळवारी दुपारी माझ्यासमोर ट्रंककॉलची एक चिठ्ठी आली. वडगावातल्या सुताच्या दुकानातून निपाणीला. दुकानाचा नंबर मला पाठ होता, कारण काही निरोप असेल तर तिथं ठेवा, असं मामांनीच सांगितलं होतं. मी दोरी खाचेत घातली, निपाणी मागितली. लाईन खराब होती. अशा वेळी बोलणं नीट ऐकू जातंय का हे बघायला ऑपरेटरनं थोडा वेळ ऐकायचं आणि मग खटका वर करून बाजूला व्हायचं, अशी रीत होती.

"अरं, पर ईसार घेतलाय मी," मामांचा आवाज आला.

"मग परत दे की!" पलीकडून त्यांचा भाऊ ओरडत होता. "हे लोक यंत्रमाग टाकणार हैत, ज्यादा देत्यात. एकटी बाई ती. काय करणार हाय? गुरुवारी मी पार्टी घेऊन येतो. शुक्रवारी कागुद करून टाकू."

"तिला काय सांगू मग?"

"सांग, हिस्सेदाराची सही मिळंना. कायबी सांग."

मला खटका वर करायचा होता. बोटं त्यावरच होती. ती हलली नाहीत. शेजारची ऑपरेटर कुणाला तरी कोल्हापूर लावून देत होती, पलीकडं सुपरवायझर बाई चष्मा पुसत होत्या, आणि माझ्या कानात माझं घर चाललं होतं. दोरी ओढली असती तर? लाईन खराब होतीच, कुणाला शंकासुद्धा आली नसती. पण ओढून काय होणार होतं? ते पुन्हा बोलले असते.

तेवढ्यात कॉलची तीन मिनिटं भरली. आता मला बोलणं भाग होतं. मामांनी माझा आवाज ओळखला तर? मी घसा दाबला आणि कन्नडात म्हणाले, "मूरु निमिष आयितु री." तीन मिनिटं झाली. मामा म्हणाले, "साकु, साकु." पुरे, पुरे. लाईन तुटली.

नोकरीला लागताना आम्ही एका कागदावर सही केली होती. ऐकलेलं बाहेर बोलायचं नाही. आमच्यातल्या एकीनं तिच्या शेजारणीला त्या बाईच्या नवऱ्याचं फोनवरचं बोलणं सांगितलं होतं, आणि आमच्या त्या ऑपरेटरची नोकरी गेली होती. माझी नोकरी गेली तर कर्ज गेलं, आणि कर्ज गेलं की घर आपोआपच गेलं. म्हणजे मला सगळं ठाऊक होतं आणि त्याचा काडीचाही उपयोग नव्हता. जेवण गेलं नाही. ती पावती मी कितीदा उलगडली, कितीदा घडी घातली. वकिलाकडं जावं तर तो पहिल्यांदा हेच विचारणार, तुम्हाला कुणी सांगितलं?

बुधवारी सकाळी आठ वाजता मी वडगावात पोचले. मनाशी एवढंच ठरवलं होतं: बोलायचं नाही, पण उठायचंही नाही.

मामा मागावर होते. मला बघून त्यांच्या हातातला सुताचा धोटा थांबला. "एवढ्या सकाळी?"

"मामा, कागद उद्याच करूया. माझी सोमवारची रजा व्हईना झालीय."

हे खोटं होतं. ते खाली बघत म्हणाले, "उद्या न्हाय जमायचं. निपाणीचा भाऊ यायचाय."

"मग आज करूया."

"आज कसं हुतंय बाई? एवढी घाई कशाला?"

 मी भिंतीला टेकून खाली बसले. मामीनं चहा आणून दिला. तिला यातलं काही ठाऊक नव्हतं, ते तिच्या तोंडावरून कळत होतं. ती शेवग्याच्या शेंगा कुणाला द्यायच्या, कुणाला नाहीत, ते मला समजावून सांगत होती. "आमी गेल्यावर ह्या पलीकडच्या म्हातारीला चार दे गं. तिला लई आवडत्यात."

मामा पुन्हा विणायला लागले. दोन-चार धोटे टाकले की उभा दोरा तुटायचा. ते वाकून जोडायचे, पुन्हा तुटायचा. नऊ वाजले. दहाही वाजून गेले. मी तशीच बसलेली. बारा वाजता मला पाळीवर हजर व्हायचं होतं.  शेवटी त्यांनी धोटा बाजूला ठेवला आणि खड्ड्यात पाय सोडलेले तसेच माझ्याकडं वळले.

"काल फोनवर कन्नड बोलली, ती तुमीच नव्हं?"

मागच्या खोलीतला भांड्यांचा आवाज थांबला.

नाही म्हणता आलं असतं. आयुष्यात इतकं सोपं खोटं दुसरं कुठलं नव्हतं. पण सकाळपासून या माणसाच्या घरात त्याचाच चहा पिऊन मी बसले होते आणि त्याच्या हातातले दोरे तुटताना बघत होते.

"व्हय. मीच."

"मग सगळं ऐकलासा?"

"मामा, तिथं ऐकलेलं मला बोलता येत न्हाई. तुम्ही तक्रार केलासा तर माझी नोकरी जाईल. मी काय ऐकलं ते मी कुणालाच सांगितलं न्हाई, सांगणारही न्हाई. तुमालासुद्धा."

मामी दारात येऊन उभी राहिली. "काय ऐकलं? कसला फोन?"

 मामांना खोकला आला, बराच वेळ आला. मग ते बायकोकडं न बघता म्हणाले, "धाकट्यानं दुसरी पार्टी बघितलीया. ज्यादा देत्यात. गुरुवारी आणतो म्हणालाय."

"आणि हिला?"

"ईसार परत."

मामीनं एकदा माझ्याकडं बघितलं. "ही सकाळधरनं हितं बसलीया आणि तुमी तोंड उघडला न्हाईसा? मी हिला शेवग्याचं सांगत बसले. मला तरी सांगायचं!" तिचा आवाज चढला नव्हता, पण मामा दचकले. "आपुन त्याच्या दारात ऱ्हायला जाणार. तिथं चार पैसं जास्ती असलं तर बरं, हे मलाबी कळतंय. पर हे बरं दिसंल का, सांगा की?"

 मामा मला म्हणाले, "तुमी जावा बाई. मला इचार करू द्या."

मी उठले. ना होकार मिळाला होता, ना नकार. वर माझी मान त्यांच्या हातात देऊन आले होते. त्यांनी तक्रारीचा एक अर्ज टाकला असता तर माझं सगळं संपलं असतं.

गुरुवारी दुपारी निपाणीहून त्याच सुताच्या दुकानासाठी कॉल आला. म्हणजे भाऊ आलेला नव्हता. का आला नाही? मामांनी नको म्हटलं, की नुसताच दिवस पुढं ढकलला?  एक खटका खाली केला असता तर सगळं कळलं असतं. मी कॉलची चिठ्ठी शेजारच्या ऑपरेटरला दिली. "हा तू लाव गं, माझा कान दुखतोय," म्हणाले आणि पाणी प्यायला बाहेर गेले. नळाशी उभी राहून मनात तीन मिनिटं मोजली, मग आणखी तीन. परत आले तेव्हा ती दुसऱ्याच कुणाशी बोलत होती. मी विचारलं नाही. सुपरवायझर बाईंनी शुक्रवारी मला हाक मारली तेव्हा वाटलं, तक्रार आली. त्यांना फक्त पुढच्या आठवड्याची पाळी बदलून हवी होती.

सोमवारी साडेदहाला मी कचेरीच्या पायऱ्यांवर उभी होते. खरेदीखत लिहिणाऱ्यानं कागद कन्नडात तयार ठेवला होता. तो मला दोनदा मराठीत वाचून दाखवला, तिसऱ्यांदा म्हणाला, "बाई, विकणारा कुठं हाय?" अकरा वाजले, साडेअकरा झाले. बारा वाजता तो दुसऱ्या गिऱ्हाइकाचा कागद काढून बसला. मी पर्स छातीशी धरून फाटकाकडं बघत होते. येणाऱ्या प्रत्येक टोपीत मला मामा दिसत होते.

पावणेएकला ते आले. मामी पुढं, मामा मागं, धापा टाकत.

"बस चुकली," मामी म्हणाली. तेवढंच.

मामांनी सह्या केल्या, अंगठा दिला. कचेरीतल्या साहेबानं विचारलं, "राजीखुशीनं देताय न्हवं?" ते "व्हय" म्हणाले, आणि तेव्हा पहिल्यांदा माझ्याकडं बघितलं. बाहेर आल्यावर मी भावाचं विचारलं. "बोलत न्हाय आता," ते म्हणाले. "निपाणीला जायचं की न्हाय, ते बघू." मला आनंद व्हायला हवा होता, पण त्या क्षणी नुसतं ओझं वाटलं.

मग ते जरा घुटमळले. "एक इचारू? मागावर लुगडं हाय. आठ दिवसांत हुईल. तेवढं इणून घेऊ?"

मी मान हलवली. आठ दिवस माझ्या मालकीच्या घरात दुसरंच कुणी राहत होतं, आणि पाळीवर जायच्या आधी मी रोज तिथं जाऊन बसायचे. आता दोरे तुटत नव्हते. लुगडं पुरं झालं तेव्हा मामीनं त्याचं एक टोक माझ्या हातात दिलं, दुसरं स्वतः धरलं, आणि आम्ही घडी घातली. हिरवं होतं, लाल काठाचं. माग सुटा करून बैलगाडीत चढवला. मामा-मामी शेवटी बेळगावातच शहापुरात मामीच्या बहिणीकडं राहायला गेले. निपाणीचं पुढं काय झालं, मला कळलं नाही.

तक्रार कधीच आली नाही. तरी वर्षभर, ऑफिसात साहेबानं बोलावलं की मला वाटायचं, आला तो अर्ज.

पहिल्या दिवशी मी स्टोव्ह मांडला, रॉकेल भरलं, आणि लक्षात आलं, काडेपेटीच आणलेली नाही. मामीनं सांगितलेल्या त्या पलीकडच्या म्हातारीच्या दारात गेले. तिनं काडेपेटी दिली, मला वरपासून खालपर्यंत बघितलं.

"घर घेतलं ती तूच व्हय? आणि कोण कोण हैसा?"

"मी एकटीच."

"बरं," ती म्हणाली. "काडेपेटी परत आणून दे हं."

मी मागाच्या खड्ड्याला वळसा घालून आत गेले आणि स्टोव्ह पेटवला.