दहाव्याचे कावळे आणि फिरती खुराडी

कोणत्या तोंडाने सांगू, तेच कळत नाही! पण चहा ठेवलाच आहे, तर ऐका. प्रत्यक्ष नवऱ्याच्या दहाव्याला असा घोळ घालणारी बाई तुम्ही पाहिली नसेल.

आमच्या ह्यांनी उतारवयात मांसाच्या कोंबड्या पाळल्या. त्याही कशा? जाळी ठोकलेल्या, बिनतळाच्या बांबूच्या खुराड्यांत! रोज सकाळी खुराडी धान कापलेल्या बांधीत, म्हणजे भाताच्या खाचरात, थोडी पुढे ओढायची. कोंबड्यांना ताजे गवत आणि किडे, जमिनीला खत. मी मात्र नाकाला पदर लावून ओट्यावर.

हे गेले, तेव्हा पिल्ले लहानच होती. कावळे जाळीतून चोची घालून त्यांना टोचू लागले. मेलेला कावळा टांगला की इतर कावळे फिरकत नाहीत, हे मला ठाऊक होते. परंतु तसल्या वस्तूला हात लावणे मला कसे जमावे? मग ह्यांच्या जुन्या छत्रीचे कापड कापून मी स्वतः कावळे बनवले. पंख, शेपूट, चोच, सगळे प्रमाणबद्ध! अर्धवट काम मला खपत नाही.

दहावा आम्ही शेतालगत, कालव्याच्या काठी केला. पिंड ठेवला. समोरच्या मोहाच्या झाडावर कावळे जमले, ओरडले. पण एकही खाली उतरेना.

"काऊन नाई येऊन राहिला?" माझे दीर हरिभाऊ म्हणाले. "दादाचा जीव कशात तरी अटकला हाय."

माझ्या मुलाने, विलासने, हात जोडले. "बाबा, आईला मी नागपूरला नेतो."

कावळे ढिम्म.

"दादा, धुऱ्याचं भांडण सोडलं! धुरा देल्ला तुले!" हरिभाऊ रडत ओरडले. दोन शेतांमधल्या बांधाचे एवढे जुने भांडण मिटले, तरी कावळा नाही!

"वहिनी, आता तुमीच बोला वो. तुमच्यातच अटकला हाय तो."

शेवटच्या दिवसांत ह्यांची वाचा गेली होती. माझ्याकडे पाहून ओठ हलवत, आणि मला काही उमगत नसे. तेच राहिले असेल का हो?

"तुमच्या कोंबड्या मी सांभाळीन," मी म्हणाले. "माझ्या हातांनी."

नाही! इतका राग? मी भर लोकांत हुंदके देऊ लागले.

तेवढ्यात विलास म्हणाला, "आई, खुराड्यांवर ते काय टांगलंय?"

"कावळे," मी म्हणाले. "मीच केलेत."

"अवो वहिनी! आन् मी धुरा देऊन बसलो ना!"

मी धावले. घाईत कावळे ओढताना खुराडेच कलंडले आणि पिल्लांची झुंबड थेट पिंडावर! शीतही उरले नाही.

"दादाचेच पिल्लं हायेत. चालते!" हरिभाऊ म्हणाले. सगळे हसले. मीही हसले, आणि मग मला रडू आवरेना.

दुसऱ्या दिवशी हरिभाऊंनी धुरा परत घेतला. विलासची सुट्टी संपली. माझे वचन तेवढे उरले.

खुराडे दोघांनी दोन बाजूंनी धरायचे असते. "एक बाजू धरतेस का वो?" असे हे कितीदा म्हणत. "हातांना वास येतो," माझे ठरलेले उत्तर. आता मी एक टोक सरकवते, वळसा घालून दुसरे सरकवते. खुराडे वाकडेच जाते.

"वहिनी, कोंबड्या नशा करून राहिल्या का वो?" हरिभाऊ पलीकडून ओरडतात.

चूक कोठे होते, ते मला पक्के ठाऊक आहे. म्हणून मी गप्प राहते. आणि गप्प राहण्याचा मला मुळीच सराव नाही, हे तुम्ही जाणताच.