वडवणीच्या बाजारातली कुंभारीण

निजामाच्या अमलात मी काही वर्षे वडवणीला होतो. तिथल्या आठवडी बाजारात एक कुंभारीण बसायची. तिचे नाव मी कधी विचारले नाही. मडके गिऱ्हाइकाच्या हाती देण्याआधी ती ते कानाशी नेऊन बोटाने वाजवी. आवाज बद्द आला तर बाजूला ठेवी. माती तुडवणे, मडकी थापटणे, भाजणे, विकणे ही सगळी कामे तिची. चाकावर मात्र नवरा बसे. बाईने चाकाला हात लावायचा नाही, अशी त्यांच्यात रीत होती.

एका उन्हाळ्यात नवऱ्याच्या उजव्या हातावरून वारं गेलं. चाक थांबले आणि तिच्यापुढची मडकी कमी होत गेली.

"आता तूच बस की चाकावर," एक गिऱ्हाईक बाई म्हणाली. "मिशा तेवढ्या लावून घे!"

सगळ्या हसल्या. तीही हसली. शेजारी बसलेला नवरा हसला नाही.

"म्या कवाचं सांगतोय, कवाड लावून बस. कोन बघतंय?"

ती हळूच म्हणाली, "मला दिसंल की."

नवऱ्याने दिलेली मोकळीक तिला घेता आली नाही, याची हळहळ मला अजून वाटते.

दिवाळीनंतर बाजारातली तिची जागा रिकामी झाली. पुढे ती मला सडकेच्या कामावर दिसली, डोक्यावर मातीची पाटी घेतलेली. बायांची रोजची मजुरी गड्यांच्या निम्मी होती. मी मुकादमाला कारण विचारले.

"बाया हायती म्हनून," तो म्हणाला. "त्यांनी बी कधी इचारलं न्हाई."