भोयरकाकांच्या मुठीतला कापूस

भोयरकाकांना कॉम्प्युटर दुरुस्तीला बोलावलं की ते कॉम्प्युटरकडे ढुंकूनही बघत नसत. त्याच्याकडे पाठ करून बसायचे, चहा मागायचे आणि म्हणायचे, "बंद कवा पडला ते राहू द्या. शेवटचा चांगला कवा व्हता, ते सांगा." मध्येच कोणी "व्हायरस असन" म्हटलं, की हात वर करायचे. "रोगाचं नाव घरच्यायनं नाई सांगाचं. काय काय झालं, तेवढं सांगाचं."

काका फोनच्या खात्यात लाइनमन होते. उभी नोकरी खांबांवर काढली. रिटायर झाल्यावर सिंदी मेघेत, आमच्या मागच्याच गल्लीत घर बांधलं आणि कॉलेजच्या पोरांना लाजवील अशा हौसेने मोडेम-राउटर शिकले. लग्नात मिळालेल्या कापडी पिशवीत एक टेस्टर, दोन स्क्रूड्रायव्हर, स्पिरिटची बाटली आणि सिंदी रेल्वे या गावी भावाच्या वावरात निघालेला मूठभर कापूस, एवढा त्यांचा संसार. दुकानातला कापूस त्यांना चालत नसे. "त्यात जीव नाई," म्हणायचे. यावर वाद घालण्यात अर्थ नव्हता. मी घालून पाहिला आहे.

आईच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं, म्हणून मी पुण्याहून काम घरी घेऊन आले होते. घरात आम्ही दोघीच. दसऱ्यानंतर कॉम्प्युटरला काय झालं कोण जाणे, मीटिंग रंगात आली की स्क्रीन निळी, मग बंद, मग आपोआप पुन्हा सुरू. एका दुकानदाराने मेमरी बदलली, सगळं पुसून नव्याने भरलं, तरी तेच. शेवटी साहेबांनी सांगून टाकलं, सोमवारपर्यंत नीट झालं नाही तर ऑफिसात हजर व्हा. म्हणजे आई एकटी. तिला पुण्याला चल म्हटलं तर ती म्हणे, "मी तिथं करू काय? भिंतीसंग बोलू?" मला रडूही यायचं आणि तिचा रागही.

शनिवारी सकाळी काका आले. पाठ करून बसले.

"शेवटचा चांगला कवा व्हता?"

"दसऱ्याच्या आदल्या दिवशी."

काकांचा कप ओठाशीच थांबला. "चला, आता एक एक पाहुना घराबाहेर काढू," म्हणत त्यांनी प्रिंटर काढला आणि वाट बघत बसले. कॉम्प्युटर बंद पडला. स्पीकर काढले. पुन्हा पडला. मग मोडेमकडून येणारी तार काढली, तर दुपारभर गुमान चालला. तार परत लावली आणि दहा मिनिटांत त्याने मान टाकली.

"काका, इंटरनेटच्या डब्यानं कॉम्प्युटर कसा काय बंद पडन?"

"काऊन नाई पडनार? हा घडीघडी त्याले हाक मारून राह्यला अन् तोंड फिरवून राह्यला. तो बिचारा किती खेपा धावन?"

मोडेम बंद करून त्यांनी अगरबत्तीच्या काडीला कापूस गुंडाळला, स्पिरिटमध्ये बुडवला आणि तार लागते त्या भोकात हलकेच फिरवला. काडी बाहेर आली ती लालभडक.

मला सगळं आठवलं. दसऱ्याला आईने काठी टेकत टेकत मिक्सर, शिलाई मशीन, कॉम्प्युटर, मोडेम, सगळ्यांची पूजा केली होती. पाणी शिंपडून ओलं हळदकुंकू, वर झेंडूचं फूल. आणि मोडेमचं तोंड म्हणजे तारेची बाजू, असा तिचा समज, म्हणून कुंकवाचं बोट नेमकं तिथेच. मी तोंड उघडणार, तेवढ्यात आई दारात येऊन उभी राहिली.

"काय सापडलं भाऊ?"

काकांनी कापूस मुठीत दाबला. "धूळ व्हती वहिनी. आपल्या इकडची धूळ लई वाईट."

मग त्यांनी भिंतीवर फळी ठोकून मोडेम आईचा हात पोचणार नाही इतका उंच ठेवला. मी फाटकापर्यंत सोडायला गेले, तर काका हळूच म्हणाले, "पोरी, तिच्या पूजेपायी तू पुन्याले चालली व्हती, हे तिले कवाच कळू देजो नको. जीवाले लावून घेईन." मी मान हलवली. त्या माणसाच्या पाया पडावं असं वाटलं, पण ते सायकलवर टांग टाकून निघूनही गेले. सोमवारची मीटिंग मी घरातूनच केली, आणि त्यानंतरच्या सगळ्याच.

या उन्हाळ्यात काका नागपूरला मुलाकडे राहायला गेले. जाताना आम्हाला तो मूठभर कापूस देऊन गेले. दसरा आला. आईने मिक्सरला, मशीनला, कॉम्प्युटरच्या पाठीला कोरड्या कुंकवाचं बोट लावलं आणि मोडेमला खालूनच हात जोडले.

"त्याले नाई लावत?"

"नाई. मांगच्या वर्षी भाऊच्या मुठीतून लाल दिसलं व्हतं मले."

मी बघतच राहिले. "मंग तवा बोलली काऊन नाई?"

"त्यायनं एवढ्या मायेनं झाकलं, मी काऊन उघडं करू?"

संध्याकाळी तिने स्वतःच काकांना फोन लावला. म्हणाली, "दसऱ्याचा नमस्कार घ्या भाऊ. या वर्षी इकडं धूळ नाई बरं."

पलीकडे काका हसायला लागले, ते किती वेळ थांबेचनात.